कडूबाईचे लाड

"माझी सोन्याची मोठीमाय," कडू म्हणाली आणि तिने चतुराबाईच्या गळ्यात हात टाकले.

चुलीपुढे धुरपताबाईच्या हातातली भाकर थापता थापता फाटली. चार वर्षांची पोटची पोर. आणि तिला सोन्याची वाटली कोण, तर जिने कालच हिच्या आईचं कपाळ फोडलं ती थोरली जाऊ.

कपाळ फुटलं ते पाण्याच्या घागरीवरून. जिंतूरहून पोलिसांचे अमीनसाहेब गावात मुक्कामाला आले होते, म्हणून घरातले दोघे भाऊ वेठीला गेले होते. पुरुष घरात नसले की या दोन जावांना भांडायला कारण लागत नसे, तरी काल घागरीचं मिळालं. बोलता बोलता चतुराबाईने नेहमीचं हत्यार बाहेर काढलं. "तीन लेकरं खाल्लीस तू," ती म्हणाली. "सोन्या म्हण, राजा म्हण. गोड बोलून बोलून मारलीस." धुरपताबाईने उलट शब्द काढला तसा चतुराबाईने हातातला तांब्या फेकून मारला. कडू उंबऱ्यात उभी होती. ती रडली नाही. नुसती बघत राहिली.

चतुराबाईला मूलबाळ नव्हतं, जीभ मात्र अख्ख्या आळीला पुरेल एवढी होती. पण ती म्हणायची ते धुरपताबाईने मनातून कधीच कबूल केलं होतं. आधीची तीन लेकरं तिने खरंच डोक्यावर घेतली होती. एक छाती भरून डब्याच्या आजाराने गेलं, एक आकडीत गेलं, तिसऱ्याला काय झालं ते कुणालाच कळलं नाही. चौथी झाली तेव्हा तानुबाई सुइणीने तिला चिंध्यांत गुंडाळून उकिरड्यावर ठेवलं, सुपभर कोंड्याच्या मोलाने परत घेतलं आणि कडू नाव दिलं. टाकून दिलेल्या पोरीकडे लेकरं नेणारी सटवाई ढुंकून बघत नाही. त्या दिवसापासून धुरपताबाईने लेकीला एकदाही गोड हाक मारली नव्हती. भरवायची ते "गीळ, मेले" म्हणून. न्हाऊ घालायची ते "काळतोंडे, हल की जरा" म्हणून. मुका घ्यावासा वाटला की उठून गोठ्यात जायची.

आणि आता लेक दुसरीची झाली होती. मोठीमाय माझी राणी, मोठीमाय माझं सोनं, असं दिवसभर चालायचं. आईला मात्र शिव्या. पोरीने आईच्या कपाळाला आपल्या हाताने हळद लावली आणि लावता लावता म्हणाली, "मर, मेले." पाण्याला आलेल्या बायका पदराआड हसल्या.

धुरपताबाईला जावेचा इतका राग कधी आला नव्हता. तांब्या लागला तेव्हाही नाही. लेकरू जगावं म्हणून तिने चार वर्षं माया गिळली, आणि या बाईला ती आयती मिळत होती. चतुराबाई पुढून गेली की तिच्या मनात यायचं, हिचं वाटोळं होवो. लेकीकडे मात्र तिला बघवत नव्हतं.

चतुराबाईने सुरुवातीला पोरीला झिडकारलं, एकदोनदा ढकललंही. पोर हटेना. चतुराबाईला जन्मात कुणी राणी म्हटलं नव्हतं, नवऱ्यानेही नाही. हळूहळू ती भांडण काढायचं विसरू लागली. कडू दिसली नाही तर इकडेतिकडे बघू लागली.

एके दिवशी ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती. कडू आली आणि रोजचं म्हणाली. चतुराबाईने सूप बाजूला ठेवलं, पोरीला मांडीवर ओढलं आणि तिच्या कानाशी हळूच बोलली, "तूच माझी राणी हायस."

कडूचं तोंड पांढरंफटक पडलं. हिसका मारून ती सुटली, किंचाळत घरात पळाली आणि आईच्या लुगड्यात शिरली. अंग थरथर कापत होतं. धुरपताबाई भडकली. काय केलं तिनं, मारलं का, चिमटा घेतला का, तिने विचारलं.

"तिनं मला राणी म्हणलं," कडू म्हणाली. "माय, मला शिव्या दे. लवकर दे."

"का गं?"

"गोड बोललं की मरतंय. मोठीमायच म्हणती. मी तिला रोज म्हणायलेय, तरी ती मरंना. आता मीच मरते."

धुरपताबाईला सगळं एकदम उमगलं. हळद लावताना मिळालेली शिवीही उमगली. लेक आपलीच होती, कधी दुसरीची झालीच नव्हती, आणि आईने जगावं म्हणून ती आईसारखीच जीभ कडू करून बोलत होती. तिने शिवी द्यायला तोंड उघडलं. रोज तोंडात असलेल्या शिव्यांतली एकही येईना. ओठावर येत होतं ते बाळा, सोन्या, तेच. तिने दातांनी ओठ गच्च दाबला.

कडू तिला हलवत होती, दे की गं म्हणत होती.

चतुराबाई मागोमाग येऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. इतके दिवस ही पोर आपल्याला सोन्याची का म्हणत होती, ते तिला कळलं होतं. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. पदराने डोळे पुसले. मग पोरीकडे बघत, अख्ख्या आळीला आणि सटवाईला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सुरुवात केली, "मर, मेले. काळतोंडे. कुणाची राणी न् कुणाची काय, उकिरड्यावरची घाण हायस तू."

तेव्हा कुठे कडूचं कापणं थांबलं.