सीमेवरचं लिंबू

"गाडीत फळं, भाज्या, खाण्याचं काही?" अमेरिकेच्या सीमेवरच्या अधिकाऱ्याने विचारलं, आणि जावयाने छाती फुगवून सांगितलं, "काहीही नाही."

नसणारच. कॅनडातून निघताना त्याने इंदुताईंची पिशवी कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली होती. मेतकूट गेलं, लाडू गेले, लिंबाचं लोणचं गेलं. "तुमच्या या गावंढळपणाने सीमेवर माझी लाज जाईल, आई," असं वर ऐकवलंही होतं. भाड्याच्या गाडीचा जादा विमासुद्धा त्याने नाकारला होता; म्हणे, माझा माझ्या हातांवर विश्वास आहे!

अधिकाऱ्याने सगळ्यांना खाली उतरवलं, गाडीभोवती फेरी मारली आणि पुढच्या बंपरखाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा चिमटीत बुटाची काळी नाडी होती आणि नाडीला लिंबू-मिरची लोंबत होती.

जावयाचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "सासूबाईंचं काम," तो हसत इंग्रजीत म्हणाला. "जुन्या वळणाच्या आहेत. अंधश्रद्धा, दुसरं काय!"

इंदुताईंना तेवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी चष्मा लावून ती माळ नीट न्याहाळली.

"साहेबांना सांग," त्या लेकीला म्हणाल्या, "मी बांधली असती तर मिरच्या सात असत्या, या पाचच आहेत. आणि माझ्या चपलेला नाडी नसते."

लेकीने नवऱ्याच्या नाडी नसलेल्या डाव्या बुटाकडे पाहिलं आणि आईचा शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला.