खालची खोली

महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांनी निंबाच्या बुंध्याला टेप गुंडाळायला घेतला आणि तो पुरेना, तेव्हा जमलेला सगळा मोहल्ला खूश झाला. जणू झाड एवढं जाड होण्यात प्रत्येकाचा हात होता. सगळ्यांत खूश भैयाजी. शहरातलं झाड आता परवानगीशिवाय तोडता येत नाही, हा नवा कायदा सक्करदऱ्याच्या या मोहल्ल्यात त्यांनीच आधी वाचला होता आणि हरकतीवर सह्या घ्यायला घरोघर तेच फिरले होते.

झाड चंपतरावांच्या अंगणातलं, आणि ते तोडायचा अर्जही त्यांचाच. ते अंगणाच्या कडेला खाटेवर बसले होते, मांडीवर कुबडी आडवी. त्यांचा उजवा पाय मोडला तो धड जुळलाच नव्हता. आज त्यांच्या जवळ कोणी जात नव्हतं, त्यांच्याकडे सरळ पाहतही नव्हतं.

काल मारबत झाली होती. इडापिडा घेऊन मारबतीचा मोठा पुतळा निघतो आणि त्यामागे बडगे निघतात, ज्याच्यावर लोकांचा राग त्याचे पुतळे. यंदा मोहल्ल्याच्या बडग्याच्या हाती कुऱ्हाड होती. "कोणाचा ते ओळखू येईन का?" असं तो बनवणाऱ्या शालिकरामने विचारलं, तेव्हा भैयाजी हसत म्हणाले होते, "कुबडी दे ना गा त्याच्या काखेत." मग कोणाला विचारावं लागलं नाही. उचलणाऱ्यांनी बडग्याला मुद्दाम लंगडवत चंपतरावांच्या दारावरून नेलं आणि चौकात जाळलं.

"खोली बांधायची म्हणून झाड तोडायचं, एवढंच लिहिलंय तुम्ही," अधिकारी म्हणाले. "खोली कशासाठी हवी ते सांगा. खरी गरज असेल तर मी तशी शिफारस करीन."

गरज भैयाजींना ठाऊक होती. मागे ते समजूत घालायला आले होते, तेव्हा चंपतरावांनीच आवाज खाली करून सांगितली होती. "खाली किरायेदार बसला, तो काही निघत नाही. अन् मले जिना नाही जमत गा. बसून बसून चढतो, लेकरासारखा. अंगणात एक खोली झाली तर सुटलो." भैयाजींनी मान हलवली होती आणि घरी येऊन सह्यांचे कागद पुन्हा हाती घेतले होते.

चंपतरावांनी तोंड उघडलं. नकळत त्यांचा हात पायावर गेला. मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्यांनी कुबडी हळूच खाटेखाली सारली.

"गरज नाही साहेब," ते म्हणाले. "हौस होती. राहू द्या झाड. अर्ज वापस घेतो मी."

"नीट विचार करा."

"केला."

अधिकारी भैयाजींकडे वळले. "हरकत तुमची आहे. तुम्हाला काही सांगायचंय?"

एका वाक्याचं काम होतं. भैयाजींनी वर पाहिलं. एवढी सावली अख्ख्या मोहल्ल्यात दुसरी नव्हती, आणि ते वाक्य बोललं तर ती जाणार होती.

"नाही साहेब."

अधिकाऱ्यांनी सही केली, या झाडाला आता कोणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. टाळ्या वाजल्या. त्यांत आपलेही हात वाजताहेत हे भैयाजींना उशिरा कळलं. एवढी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती.

अधिकारी गेले, पण लोक हलेनात. झाड वाचलं म्हणून झाडाखालीच गप्पा रंगल्या. तेवढ्यात पावसाची सर आली. लोक हसत बुंध्याला आणखी चिकटले. चंपतराव मात्र उघड्यावरच्या खाटेवर तसेच बसून राहिले. टोपी भिजली, सदरा भिजला.

त्यांची बायको जिजाबाई पदर डोक्यावर ओढून भैयाजींजवळ आली.

"या लोकायले घेऊन जा न भैयाजी. हे कवाचे भिजून राहिले. लोकायसमोर जिना नाही चढत ते."

भैयाजींनी मग कोणाचं ऐकलं नाही. "चला गा, झालं आता, निघा," म्हणत एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. शालिकरामला तर जवळजवळ ढकललंच. अंगण रिकामं झालं, तसे ते खाटेपाशी परत आले. काय बोलायचं ते मनात जुळत नव्हतं, पण बोलल्याशिवाय जाणंही जमेना.

"चंपतराव, मी काल..."

चंपतरावांनी मान वर केली नाही. जिजाबाई फाटक उघडं धरून उभी होती.

"तुम्ही बी, भैयाजी," ती म्हणाली.