वालातलं वाचनालय

ग्रंथपाल मेघनाला मडकं रिकामं दिसलं. गावाचं अख्खं वाचनालय त्यातल्या वालाच्या दाण्यांत साठवलेलं होतं.

“पाहुणे आले, बिरडं केलं,” मडकं सांभाळणाऱ्या चांगुणामावशी म्हणाल्या. “वाल ते वाल, असं वाटलं.”

“काकांनी स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या गोष्टीही त्यातच होत्या, मावशी.”

मावशींच्या यजमानांना, काकांना, जाऊन वर्ष झालं होतं. मावशींनी रिकामं मडकं उलटं करून पाहिलं. मग म्हणाल्या, “गेल्या पेरणीला यमुनानं यातलंच बियाणं नेलं होतं.”

पेरलेल्या दाण्याच्या शेंगांत तीच पुस्तकं पुन्हा भरत. मेघना धावत जाऊन शेजारच्या यमुनाबाईंकडून ओंजळभर नवे वाल घेऊन आली.

तिनं एक दाणा वाचनयंत्रात ठेवला. आतून काका खाकरले. मावशींनी नकळत डोक्यावर पदर घेतला.