पाठीचा दावा

सलग सातव्या दिवशीही गोदामवाल्याने काही जड उचललं नाही.

घारू समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून होता. डोळे घारे म्हणून लहानपणी पडलेलं नाव. पुढे पोटापाण्याचा धंदाही पाळत ठेवण्याचाच निघाला. हातात वर्तमानपत्र, पिशवीत कॅमेरा आणि कमरेला डॉक्टरांनी दिलेला पट्टा.

रोज सकाळी दहाला पाणीवाला वीस लिटरचा भरलेला जार जिन्याखाली ठेवून जाई. इमारतीला लिफ्ट नव्हती. मग तिसऱ्या मजल्यावरून म्हातारा गोदामवाला कठड्याला धरून उतरे, जारमधलं पाणी दोन बाटल्यांत भरून घेई आणि वर जाई. अशा दहा खेपा. घरात दुसरं कुणी नव्हतं. घारू वहीत वेळ लिहून घेई आणि मनातल्या मनात ओशाळे.

गोदामात पेट्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि पाठ कायमची गेली, असा या माणसाचा दावा होता. मालक म्हणत होता, सगळं सोंग आहे. मालकांच्या बाजूने असे दावे लढवण्यात वकीलसाहेबांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि घारू त्यांच्याच कचेरीतला पगारी माणूस.

“पाठीचं दुखणं तुझ्याइतकं कुणाला कळणार?” काम देताना साहेब म्हणाले होते. “सोंग असेल तर तूच ओळखशील. नियम लक्षात आहे ना? त्याच्याशी बोलायचं नाही. दिसलं तेवढंच टिपायचं. कॅमेऱ्याला दुखणं दिसत नाही, उचलणं दिसतं.”

दुखणं कळत होतं हे खरं. आठ महिन्यांपूर्वी असाच एकावर नजर ठेवताना घारू गच्चीच्या शिडीवरून पडला होता. मणका सरकला. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. शस्त्रक्रिया लांबवली तर पाय जातील, असंही बजावलं. चार वर्षांच्या मुलीला त्याने तेव्हापासून कडेवर घेतलं नव्हतं. शस्त्रक्रिया पदरमोड करून होण्यातली नव्हती, म्हणून बायकोने हात धुऊन मागे लागून त्याला साहेबांवरच दावा टाकायला लावला.

साहेबांनी मुळीच वाईट वाटून घेतलं नाही. “हक्कच आहे तुझा,” म्हणाले. “निकाल लागेपर्यंत बसून करायचं काम करत जा.” घारूला तेव्हा भरून आलं होतं.

“सोमवारी सुनावणी आहे,” सातव्या दिवशी रात्री जेवताना बायको म्हणाली. “तिथे तोंड सांभाळून बोला.”

“साहेब माझं वाकडं करायचे नाहीत.”

“दिवसभर लोकांवर पाळत ठेवता आणि तरी तुम्हाला सगळं जग सरळच दिसतं. कमाल आहे तुमची!”

आठव्या दिवशी गोदामवाला खाली आला आणि जारला हात लावायच्या आधीच पायरीवर बसला. चेहरा पांढराफटक. हातातली बाटली सुटून गडगडत रस्त्यापर्यंत गेली. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. उठून घ्यायची शक्ती नव्हती त्याच्यात.

घारूने वर्तमानपत्राची घडी केली. नियम आठवला. सोळा वर्षांत एकदाही मोडला नव्हता. मग तो उठला, रस्ता ओलांडला आणि बाटली पायाने अडवून उचलली.

“काका, सरका जरा. मी नेतो वर.”

“अहो, भरलेला आहे. जमेल का तुम्हाला?”

“न जमायला काय झालं?”

“नाही, एखाद्याची पाठबीठ धरते.”

म्हाताऱ्याला संकोच वाटू नये म्हणून घारू मोठ्याने हसला. “माझी पाठ चांगली दणकट आहे, काका.”

पहिल्या मजल्यावर कमरेपासून टाचेपर्यंत आग उसळली. दुसऱ्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. एकदा खाली ठेवला तर पुन्हा उचलता येणार नाही, हे ठाऊक असल्याने तो थांबला नाही. मागून गोदामवाला एकेक पायरी चढत येत होता.

“टेकवायचा का थोडा?”

“छे हो.”

घरात जार ठेवल्यावर घारू भिंतीला धरून उभा राहिला. धाप लागली होती, पण जे बोलायचं ते बोलायलाच हवं होतं.

“काका, मी तुमच्या मालकाच्या वकिलांचा माणूस आहे. आठ दिवस तुमच्यावर नजर ठेवून होतो. तुमचं दुखणं खरं आहे. मी तसंच लिहून देणार.”



“नोकरी जाईल तुमची,” गोदामवाला म्हणाला.

“गेली तर गेली. उद्या आरशात तोंड बघायला नको का?”

गोदामवाल्याने मान खाली घातली. पेलाभर पाणी आणून दिलं. “भले माणूस आहात तुम्ही,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “सांभाळून उतरा.”

उतरायला घारूला चांगला पाऊण तास लागला. प्रत्येक वळणावर तो बसत होता. दुखण्याने डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मन हलकं झालं होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या कामाचा अभिमान वाटला. बायकोला हे कसं सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

वर गोदामवाल्याने खिडकीतून त्याला रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. मग दोन्ही हात डोक्यावर ताणून अंग मोडून आळस दिला, शर्टाच्या खिशातून डोकावणारा फोन काढला, चालू असलेलं चित्रीकरण बंद केलं आणि नंबर लावला.

“वकीलसाहेब,” तो म्हणाला, “तुमच्या घारूने भरलेला जार तीन मजले चढवला, एकदाही टेकवला नाही, सोमवारी त्याचा दावा उभा राहत नाही.”