सातवी खेळाडू

"तुमचं कॉलेज पोरीचा फोटो तांदळाच्या कट्ट्यावर छापते काय जी?" भाताच्या रोवण्यावरून घरी आलेल्या देवकाबाईंनी पायाचा चिखल धुता धुता विचारलं.

"नाही," कबड्डीचे प्रशिक्षक शालीकराम सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही आणि त्यापायी ते जन्मभर मार खात आले होते.

गोंदियाच्या एका मोठ्या कॉलेजच्या कबड्डी संघामागे यंदा एक राइस मिल उभी राहिली होती. मुलींनी जाहिरातीत, तांदळाच्या पोत्यांवर झळकायचं, त्याचे दरमहा पैसे मिळायचे. सगळं रीतसर, कागदावर. सरांच्या संघातल्या दोन तयार मुली उन्हाळ्यातच गाडीत बसून तिकडे गेल्या. सालेकसाच्या त्यांच्या छोट्या कॉलेजात उरल्या सहा, आणि कबड्डीला लागतात सात. परवा प्रवेशाची मुदत संपत होती. सातवी मिळाली नाही तर संघच बंद, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

सातवी शोधत इथवर आलेल्या सरांकडे द्यायला होतं तरी काय? एक फाटकी मॅट आणि स्वतःचा खणखणीत आवाज.

देवकाबाईंची आचल खाटेवर बसून ऐकत होती. बारावी नुकतीच झालेली. तिच्यासारखी रेड मारणारी, चढाई करून गुण आणणारी तालुक्यात दुसरी नव्हती.

"सर, तुमच्या टीममंदी रेड मारनाऱ्या किती हायेत?"

"खरं सांगू? एकही नाही. सगळ्या नवख्या. तुलेच माराव्या लागतीन."

"अन् गोंदियाले?"

"तिथं चार हायेत, एकापेक्षा एक. तुले पाळीची वाट पाहावी लागन."

बोलून झाल्यावर सरांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. समोरच्या संघाची अशी तारीफ कोणी करतं का? त्यांनी चहा संपवला आणि उठायला लागले.

"मले तुमच्याच कॉलेजात यायचं हाय," आचल म्हणाली.

सरांना आधी खरंच वाटेना. मग घाईघाईनं त्यांनी पिशवीतून फॉर्म काढला. तिनं सही केली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवावेत असंही त्यांना वाटलं नाही.

"पोरी, पैसा सोडून तू खेळ निवडलास. अशी पोरं आता राहिली नाहीत."

"पैसा कुठं सोडला जी?" आचल साधेपणानं म्हणाली. "मिलवाले शेठ काल घरी आले होते. गोंदियाच्या टीममंदी चार-चार रेडर, लोकांच्या ध्यानात एकही चेहरा राहत नाही म्हनले. त्याईले एकच पोरगी पायजे. टीमचे अर्ध्याच्या वर पॉइंट माहे एकटीचे झाले, तर जाहिरात माही. मंग कोन्त्याबी कॉलेजातून खेळ, म्हनले."

सर पुन्हा खाली बसले.

"म्हनून एक सांगू काय, सर?" पेनाला टोपण लावत आचल म्हणाली. "बाकीच्या पोरींले यंदा रेड मारनं शिकवू नोका."