नऊ वर्षांनी अक्षता

"रिकामी खुर्ची!" गॅरेथ ओरडला आणि त्यानं हातातल्या कार्डावर फुली मारली.

टीव्हीवर मॉर्मन चर्चचे एक ज्येष्ठ पुढारी अमेरिकेहून बोलत होते. वर्षातून दोनदा ही भाषणं होतात आणि जगभरचे अनुयायी ती श्रद्धेनं ऐकतात. इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला, मालविका आणि नकुलच्या घरी मात्र ती ऐकायला चर्च सोडलेली सात-आठ मंडळी जमत आणि बिंगो खेळत. पुढारी काय काय बोलणार ते कार्डावरच्या चौकोनांत आधीच लिहून ठेवायचं, आणि बोलले की फुली. आज तर दहा मिनिटांत अर्धी कार्डं भरली होती.

"जे आपल्याला सोडून गेले," पुढारी मृदू आवाजात म्हणाले, "ते वरून आनंदी दिसतील. पण त्यांच्या आत डोकावून पाहा. आत पोकळी आहे."

"माझ्या आत चार बटाटेवडे आहेत," गॅरेथ म्हणाला. "पोकळीला जागा कुठाय?"

हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. वडे मालविकाच्या आईनं, अर्चनानं, एजवेअरहून डबा भरून आणले होते. ती आणि उल्हास, म्हणजे मालविकाचे बाबा, जन्मात कधी चर्चचे सदस्य नव्हते. लेकीच्या घरी दर सहा महिन्यांनी ही कसली मॅच बघतात, ते एकदा बघावं म्हणून दोघं आले होते.

उल्हासनी कार्ड घेतलं नव्हतं. वडा हातात धरून ते मन लावून ऐकत होते. मालविका हसत होती खरी, पण तिचं अर्धं लक्ष बाबांकडेच होतं.

"कुटुंबं," पुढारी म्हणाले, "अनंतकाळ एकत्र राहतात."

"बिंगो!" चार-पाच जण एकदम ओरडले.

"अरे, पण चांगलंच बोलतायत की ते," उल्हास म्हणाले. "कुटुंबानं एकत्र राहावं. यात हसायचं काय?" मग वडा बशीत ठेवून, रस्ता विचारावा इतक्या साधेपणानं त्यांनी विचारलं, "फक्त एक कळत नाही मला. एवढं सगळं एकत्र, तर मालू, तुझ्या लग्नात आम्हाला बाहेर बागेत का बसवलं होतं?"

नकुलनं टीव्हीचा आवाज बंद केला. गॅरेथनं आपलं कार्ड उलटं करून ठेवलं. त्याच्या लग्नात त्याचीही आई बाहेरच होती.

नऊ वर्षांत बाबांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. सकाळी चॅपेलमध्ये सह्या झाल्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या. खरं लग्न लागलं दुपारी, चर्चच्या टेंपलमध्ये, आणि तिथे चर्चबाहेरच्यांना प्रवेश नव्हता. मालविका मागे वळून न बघता आत गेली होती. आई-बाबा नवेकोरे कपडे घालून बाकावर बसून राहिले. पुढे त्यांनी कधी विषय काढला नाही, म्हणून तिलाही माफी मागता आली नाही. त्या गोष्टीची तिला अजून लाज वाटत होती.

"बाबा, ती माझी चूक होती," ती म्हणाली. "रूल त्यांचा होता, पण आत तर मीच गेले ना. आय ॲम सो सॉरी." तिनं बाहीनं नाक पुसलं. "तुम्ही आता बघाल? मी परत लग्न करते. इथेच. राइट नाऊ."

"कुणाशी?" नकुलनं घाबरून विचारलं.

"अगं, पण मुहूर्त..." उल्हास पुटपुटले.

"मुहूर्त कसला बघताय, अहो? आधीच नऊ वर्षं उशीर झालाय!" अर्चना केव्हाच उठली होती. "मालू, तांदूळ कुठे ठेवतेस?"

मग एकच धांदल उडाली. बासमती निघाला, अर्चनाच्या पर्समधून कुंकवाची डबी निघाली, नकुलला फुटबॉलच्या शर्टातच उभं केलं. धुतलेली चादर अंतरपाट झाली. तिचं एक टोक सहा फूट चार इंच उंच गॅरेथनं धरलं आणि दुसरं मंडळींतल्याच पाच फुटांच्या तनूनं, त्यामुळे अंतरपाट पार तिरका झाला. बाकीच्यांच्या मुठीत अक्षता देऊन अर्चनानं बजावलं, "'सावधान' म्हटलं की टाकायच्या. कळलं?" सगळ्यांना कळलं.

उल्हासनी घसा खाकरला. त्यांच्या आवाजाचा आणि सुरांचा कधीच संबंध नव्हता, पण मंगलाष्टकं तोंडपाठ होती. ती त्यांनी कधी आणि कुणासाठी पाठ केली असतील, हे मालविकाला चादरीआड उभ्या उभ्या कळलं. तिला रडू आलं आणि त्याच वेळी आनंदही झाला.

"...सावधान!"

आणि घटकाभरापूर्वी पुढाऱ्यांची टर उडवणाऱ्या त्या सगळ्या मंडळींनी चर्चमधल्या प्रार्थनेच्या सवयीनं हातांची घडी घातली, माना खाली घातल्या आणि एका सुरात म्हटलं, "आमेन."

अक्षतेचा एक दाणा पडला नाही. चादर तेवढी पडली, कारण गॅरेथ आणि तनूनंही हातांची घडी घातली होती. समोर नकुल तसाच उभा होता. मालविकानं खाली पाहिलं, तर तिचेही हात छातीशी दुमडलेले.

आधी तनू फिसकन हसली. मग अख्खं घर हसलं. गॅरेथ तर हसता हसता जमिनीवर बसला.

"अरे बाळांनो, मुठी उघडायच्या असतात!" अर्चना डोळे पुसत ओरडली. "उचला ती चादर. परत, पहिल्यापासून!" तिनं डायनिंग टेबलाची एक खुर्ची ओढून नवऱ्यामागे ठेवली. "अहो, तुम्ही बसून म्हणा. गुडघा धरेल."

उल्हासनी खुर्ची हातानं मागे सारली.

"नको," ते म्हणाले. "मागच्या वेळी बसूनच होतो."