लांब सूर

शाळेच्या बँडमध्ये एकटीनं वाजवायचा लांब सूर यंदा धाकटीला मिळाला आणि ताईच्या पोटात दुखायला लागलं. ट्रम्पेट फुंकायला शिकवायचं ताईनं आणि कौतुक कुणाचं, तर या चिमुरडीचं! सर सगळ्यांसमोर म्हणाले, "दम असावा तर असा!" म्हणूनच आज गच्चीवर सराव थांबवून ताईनं काकांच्या खिशातली सिगारेट तिच्यापुढे धरली. "ओढून बघ. मोठी झालीस आता." धाकटी हरखली. ताईनं तिला मोठी कधी म्हटलंच नव्हतं. तिनं ट्रम्पेट मांडीवर ठेवलं, सिगारेट चिमटीत धरली आणि ताईकडे पाहिलं. "आधी तू ओढून दाखव ना, ताई. ट्रम्पेटही तू आधी वाजवूनच शिकवलं होतंस." "मी नाही बाई. दम जातो त्यानं," ताई पटकन बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. धाकटीनं सिगारेट परत केली. "मग माझा गेला तर चालेल?"